साहेबांचं पत्र कुठे चालतं, कुठे चालत नाही

लांजा तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी बी.कॉम. आहे, एमएस-सीआयटी आणि मराठी-इंग्रजी टायपिंग झालेलं आहे. जवळच्या एका सरकारी कार्यालयात डेटा एन्ट्री ऑपरेटर घेणार असं कळलं म्हणून ती चौकशीला गेली. कार्यालयाने एजन्सीकडे पाठवलं. एजन्सीच्या माणसाने सांगितलं, "साहेबांचं पत्र आणा आणि ४० हजार अनामत भरा." त्याच घरातल्या भाच्याला पोलीस पाटील पदाच्या लेखी परीक्षेत सगळ्यांत जास्त गुण होते, पण तोंडी परीक्षेनंतर नाव दुसऱ्याचं लागलं. वडील विचारतात, सगळीकडे वशिलाच चालत असेल तर मुलीने तलाठी आणि झेडपीच्या परीक्षांचा अभ्यास करायचा तरी कशाला?

अभ्यास करायचाच, हे आधी सांगतो. वशिला सगळीकडे सारखा चालत नाही. गेल्या काही वर्षांत तो परीक्षेतून बराचसा बाहेर ढकलला गेला आणि जिथे परीक्षाच नाही तिथे जाऊन बसला. तुमच्या मुलीला जी जागा दिसली ती नेमकी त्यातली आहे.

आधी परीक्षेचं बघू. राज्यातली गट क ची बहुतेक सरळसेवा भरती २०२२ पासून टीसीएस किंवा आयबीपीएस यांच्याकडून संगणकावर होते. साधारण १०० प्रश्न, २०० गुण, आणि मुलाखत नाही. परीक्षेनंतर उमेदवाराला आपली प्रश्नपत्रिका, आपण दिलेली उत्तरं आणि उत्तरतालिका दिसते, हरकत घेता येते. इथे जिल्ह्यातल्या पुढाऱ्याच्या हातात काही नसतं. पत्र दिलं तरी ते लावायचं कुठे, हा प्रश्न राहतो. तलाठी भरती २०२३ मध्ये २०० पैकी २१४ गुण दिसले तेव्हा मोठा गदारोळ झाला. पण ते अनेक सत्रांत परीक्षा झाल्यामुळे केलेल्या गुणांच्या सामान्यीकरणातून आलेले आकडे होते. अवघड सत्रातल्या उमेदवाराचे गुण वर सरकतात, सोप्या सत्रातल्याचे खाली येतात. ही पद्धत लोकांना आधी नीट समजावून सांगितली गेली नाही, आणि तो दोष सरकारचाच.

मग "अमक्याचं काम झालं" असं गावागावात का ऐकू येतं? दलालाचा हिशोब समजून घ्या. तो दहा जणांकडून प्रत्येकी तीन-तीन लाख घेतो आणि काहीही करत नाही. दहांतले एक-दोघे स्वतःच्या अभ्यासावर निवडले जातात. त्यांचे पैसे तो ठेवतो, बाकीच्यांचे परत करतो आणि वर "माणूस शब्दाचा पक्का" असं नाव कमावतो. पुढच्या भरतीला त्याच्या दारात वीस जण उभे असतात. निवड झालेला मुलगाही आयुष्यभर समजत राहतो की आपली नोकरी विकत घेतलेली आहे. मला यात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच.

पेपरफुटी ही वेगळी गोष्ट. २०२१ च्या आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड भरतीत पेपर फुटला, पुणे पोलिसांनी विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यालाही अटक केली. ती टोळीची गुन्हेगारी होती. तिच्यावर उपाय पोलिसांचा आणि न्यायालयाचा, आणि अशा प्रकरणात परीक्षाच रद्द होऊ शकते. स्थानिक पुढाऱ्याच्या शिफारशीचा त्याच्याशी फार थोडा संबंध असतो.

परीक्षेनंतर मात्र दोन जागा अशा आहेत जिथे डोळे उघडे ठेवायला हवेत. पहिली बिंदुनामावली. कुठल्या प्रवर्गाला किती जागा हे तिच्यावरून ठरतं आणि आपल्याकडे ती विभागीय आयुक्तांच्या कोकण भवनातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. तपासणीची तारीख जाहिरातीच्या नंतरची असेल तर तिथे प्रश्न विचारायला जागा आहे. दुसरी जागा म्हणजे समांतर आरक्षणाचे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतल्या राखीव जागांचे दाखले: खेळाडू, प्रकल्पग्रस्त, दिव्यांग, अंशकालीन कर्मचारी. कोकणात धरणं, रेल्वे, बंदरं आणि एमआयडीसी यांमुळे प्रकल्पग्रस्त दाखल्यांची संख्या मोठी आहे. एका दाखल्यावर कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, म्हणून तोच दाखला आधी कुठे वापरला गेला आहे का, हे तपासावं लागतं. कागदपत्र पडताळणीत हे सुटलं की गुणवत्तायादीत खालचा उमेदवार वर येतो.

आता मुलीच्या जागेकडे. कार्यालयाला माणूस हवा असतो, पण मंजूर पद भरायला शासनाची परवानगी नसते किंवा भरती वर्षानुवर्षं झालेली नसते. मग निविदा काढून मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी नेमतात. कार्यादेशात लिहिलेलं असतं, "डेटा एन्ट्री ऑपरेटर, इतके, अमुक दराने." माणसं कोण, हे त्यात नसतं. ती एजन्सीने आणायची. जाहिरात, गुणवत्तायादी, आरक्षण यातलं काहीच कागदावर बंधनकारक नसल्यामुळे नावं तोंडी येतात: साहेबांच्या पीएकडून कार्यालयाला, कार्यालयाकडून एजन्सीच्या सुपरवायझरला. एजन्सीचं बिल कार्यालय पास करतं, पुढच्या वर्षी निविदाही पुन्हा भरायची असते, त्यामुळे एजन्सीने नाव नाकारायचं काही कारण उरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला होता. राज्यभर विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. पण त्या एका निर्णयाच्या आधीपासून कार्यालयानिहाय बाह्यस्रोत चालू होतं आणि नंतरही चालूच राहिलं.

त्या प्रसिद्ध पत्राचंही जरा जवळून बघू. लेटरहेडवर मजकूर ठरलेला असतो: "श्री./श्रीमती अमुक माझ्या परिचयाचे असून गरजू व होतकरू आहेत. आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही व्हावी." खाली सही. कार्यालयात त्याला आवक क्रमांक पडतो, अधिकारी कोपऱ्यात "नियमानुसार" असा शेरा मारतो आणि पत्र नस्तीला, म्हणजे फायलीला लागतं. कायद्याने त्या पत्राला काडीची किंमत नाही. लोकप्रतिनिधी अशी पत्रं दिवसाला कित्येक देतात आणि बहुतेक तिथेच राहतात. काम होतं ते पत्रामागून जाणाऱ्या फोनने, आणि फोनचा कागद राहत नाही. म्हणून एजन्सीवाला पत्र मागतो तेव्हा त्याला पात्रता तपासायची नसते. तुम्ही कोणाचे, एवढंच त्याला बघायचं असतं.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो: ४० हजार देऊ नका. सरकारी कामासाठी माणूस पुरवणाऱ्या एजन्सीला उमेदवाराकडून अनामत घेण्याचं काही कारण नाही. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच संरक्षण आहे. वजन वापरून काम करून देतो म्हणून पैसे घेणारा मध्यस्थही त्या कायद्यात येतो. मागणी झाली असेल आणि पैसे अजून दिले नसतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. सापळा लावता येतो तो पैसे देण्याआधीच. मोबाईलवर मागणीचा आवाज किंवा मेसेज असेल तर तो पुसू नका आणि कापून छोटाही करू नका, मूळ जसंच्या तसं ठेवा.

पत्रावर लागलेल्या माणसाला पुढे काय मिळतं, हे मुलीला नीट समजावून सांगा. कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी जो निकाल दिला, तो आजही या विषयाचा पाया आहे. जाहिरात नाही, स्पर्धा नाही, मागच्या दाराने प्रवेश, अशा नेमणुकीला कायम होण्याचा हक्क नाही. एकदाच द्यायची सवलत म्हणून न्यायालयाने एवढंच म्हटलं की रिक्त मंजूर पदावर, पात्रता असलेले, न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षं काम केलेले आणि नेमणूक फक्त "अनियमित" असलेले असतील, त्यांचा विचार करावा. "अनियमित" आणि "बेकायदेशीर" हा फरक तिथे सगळं ठरवतो. प्रक्रियेत थोडी उणीव राहिली ती अनियमित, प्रक्रियाच झाली नाही ती बेकायदेशीर. डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्या कामगारांना बाहेर काढायला उमादेवीचा निकाल ढाल म्हणून वापरू नका. ते योग्यच झालं. पण एजन्सीमार्फत लागलेल्या माणसाला आधी आपण कार्यालयाचेच कर्मचारी होतो हे सिद्ध करावं लागतं, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

कंत्राटी माणसाला मिळणारा ११ महिन्यांचा नेमणूक आदेश आणि मधला एक दिवसाचा तांत्रिक खंड हेही त्याला कायम करावं लागेल या भीतीतून आलेलं आहे. सलग सेवा दिसू नये म्हणून. याचा परिणाम असा होतो की दर अकराव्या महिन्याला माणूस पुन्हा त्याच दारात उभा राहतो. निवडणुकीत पालकमंत्री बदलला, आमदार बदलला की यादी बदलते. ज्याच्या फोनने आलो त्याच्या सभेला जावं लागतं, गणपतीत त्याच्या मंडळाची पावती फाडावी लागते, आणि कार्यालयात चुकीच्या कागदावर सही करायला सांगितलं तर नाही म्हणता येत नाही. वशिल्याचं खरं नुकसान इथे होतं, आणि ते खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला भोगावं लागतं.

तरीही घरात पैशाची गरज असेल आणि पैसे न देता ती जागा मिळत असेल, तर ती घेण्यात कमीपणा नाही. फक्त पहिल्याच महिन्यात कागद गोळा करायचे. एजन्सीचं लेखी नेमणूकपत्र, ओळखपत्र, पगार बँकेतच, पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक. पीएफचं पासबुक दर महिन्याला मोबाईलवर बघायचं. हातात १३ हजार येत असतील आणि पासबुकात कमी वेतनावर पीएफ भरलेला दिसत असेल, किंवा एजन्सीने आपला १२ टक्के हिस्साही पगारातूनच कापला असेल, तर तो कागद जपून ठेवायचा. एजन्सीने पगार थकवला तर मुख्य मालक म्हणून कार्यालयावर जबाबदारी येते. सरळसेवेची वयोमर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. टेबलावरची पाच वर्षं बघता बघता निघून जातात आणि अभ्यास मागे पडतो. ही चूक सगळ्यात जास्त घरांतून होताना दिसते.

आता भाच्याचं. पोलीस पाटील नेमतात प्रांताधिकारी. ८० गुणांची लेखी, २० गुणांची तोंडी. लेखीत ४५ टक्के, म्हणजे ३६ गुण मिळाले की तोंडीला बोलावतात. गणित मांडून बघा. एकाला लेखीत ६२, दुसऱ्याला ५०. बारा गुणांचं अंतर. तोंडीत पहिल्याला ४ आणि दुसऱ्याला १७ दिले की बेरीज ६६ आणि ६७. एका गुणाने गाव बदललं. कोकणात तर गावकी, वाड्यांमधली चुरस, मानपानाचे जुने वाद हे सगळं या एका पदाभोवती गोळा होतं, त्यामुळे दबाव जिल्हा पातळीपेक्षा तालुक्यातच जास्त असतो.

तोंडीचे गुण कमी मिळाले एवढ्यावर दाद मिळत नाही. अशा तक्रारी ऐकणारं प्रशासकीय न्यायाधिकरण निवड समितीच्या जागी बसून तुमच्या भाच्याला गुण देणार नाही. बघायचं असतं ते कागद. लेखीचे गुण तोंडीच्या आधी फलकावर लागले होते का? लागले नसतील तर कोणाला किती द्यायचे हे उलट मोजता येतं. समितीच्या प्रत्येक सदस्याने वेगळी गुणपत्रिका भरली की सगळ्यांची मिळून एकच? तोंडीचे २० गुण कशाला किती, हे आधी ठरलं होतं का? गुणांवर खाडाखोड, पांढरी शाई, वेगळ्या पेनने बदललेला आकडा आहे का, आणि त्याच्याशेजारी सही आहे का? सदस्यांपैकी कोणी उमेदवाराचा नातेवाईक आहे का? अशोककुमार यादव विरुद्ध हरियाणा या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तोंडीचा वाटा १२.२ टक्क्यांपेक्षा जास्त नको असं म्हटलं आणि नातेवाईक उमेदवार असेल तर सदस्याने बाजूला व्हावं असंही सांगितलं. हा आकडा सगळ्या पदांना जसाच्या तसा लागत नाही, त्यामुळे २० गुणांमुळेच निवड रद्द होईल या भरवशावर राहू नका. पण लेखीतल्या वरच्या सगळ्यांना तोंडीत तीन-चार आणि खालच्या एकालाच सतरा, असा नमुना सगळ्या उमेदवारांच्या तक्त्यात दिसला तर तो बोलका पुरावा असतो. समान गुण झाले असतील तर कोणत्या क्रमाने प्राधान्य दिलं, तेही जाहिरातीशी ताडून बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने पुन्हा स्पष्ट केलंय की भरती सुरू झाल्यावर मध्येच निकष बदलता येत नाहीत, मूळ नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा असेल तरच.

हे कागद मिळवायचे माहिती अधिकारातून. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, त्यामुळे लेखी-तोंडीचा एक अर्ज आणि एजन्सीचा वेगळा. "भ्रष्टाचार का झाला" असं लिहिलं की अर्ज गेला, कारण "का" ही माहिती नसते. मागायचं असं: अमुक गावाच्या पोलीस पाटील पदाच्या सर्व उमेदवारांचे लेखी आणि तोंडी गुण दर्शवणाऱ्या तक्त्याची प्रत, समिती सदस्यांनी भरलेल्या मूळ गुणपत्रिकांच्या प्रती, समितीचं इतिवृत्त, आणि नस्तीच्या टिप्पणी व पत्रव्यवहार या दोन्ही भागांची प्रत्यक्ष पाहणी. पाहणी महत्त्वाची आहे. टिप्पणीच्या पानांना क्रमांक असतात, मधलं पान नसलं तर लगेच कळतं. शिफारसपत्र आलं असेल तर ते पत्रव्यवहारात आवक क्रमांकासह सापडतं.

एजन्सीच्या बाबतीत "एजन्सी खासगी आहे, माहिती आमच्याकडे नाही" असं उत्तर येतं. ते टिकत नाही. सरकारी कार्यालयाला कायद्याने जी माहिती खासगी संस्थेकडून मिळवता येते, तीही कलम २(च) नुसार माहितीच आहे. शिवाय एजन्सीने मासिक बिलासोबत वेतनपत्रक आणि पीएफ भरल्याचं विवरण जोडलेलं असतं, म्हणजे नावं कार्यालयात असतातच. करारनामा, कार्यादेश आणि एका विशिष्ट महिन्याचं बिल जोडपत्रांसह मागा.

दुसऱ्या उमेदवाराचे गुण "वैयक्तिक माहिती" म्हणून नाकारले जातात. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वजनिक भरतीतले गुण उघड करण्याच्या बाजूने निर्णय दिला होता. मात्र नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम ८(१)(ञ) बदललं आहे आणि नकार देणं सोपं झालं आहे. हा बदल सामान्य उमेदवाराच्या विरोधात गेलेला आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून अर्जातच कलम ८(२) चा आधार घेऊन एक वाक्य लिहा की सार्वजनिक पदावरची निवड असल्याने माहिती उघड करण्यातलं लोकहित मोठं आहे. पत्ता, फोन, जन्मतारीख मागू नका, फक्त नावं आणि गुण. उत्तर ३० दिवसांत नाही आलं तर पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. आयोगाकडे वेळ लागतो, आणि तोवर न्यायाधिकरणाची मुदत थांबत नाही. इथे माणसं फसतात.

पोलीस पाटील निवडीला आव्हान महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, आपल्यासाठी मुंबईला. मुदत आदेशापासून एक वर्ष. झेडपीची निवड मॅटमध्ये जात नाही, उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, रायगडकरांना मात्र मुंबईच. निवड झालेल्या उमेदवाराला प्रतिवादी केलं नाही तर अर्ज तिथेच पडतो. पुढाऱ्याने दबाव आणला असं लिहिलं आणि त्याला पक्षकार केलं नाही, तारीख-तपशील दिला नाही, तर न्यायाधिकरण ते परिच्छेद वाचून पुढे जातं. वकिलांना सांगा की गुणांचा तक्ता आणि खाडाखोड यांवर भर द्या, पुढाऱ्याचं नाव शक्यतो बाजूला ठेवा. आणखी एक अडचण: जाहिरातीतली किंवा समितीतली उणीव आधीपासून माहीत असून निमूट परीक्षा दिली आणि निकाल विरोधात गेल्यावर तक्रार केली, तर न्यायालयं सहसा ऐकत नाहीत. जाहिरातीत चूक दिसली तर तोंडीच्या आधीच लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि मग परीक्षा द्या.

"स्थानिकांना प्राधान्य" याबद्दलही लिहायला हवं, कारण आपल्याकडे प्रत्येक भरतीत पुढारी तेच आश्वासन देतात. घाटावरून आलेले शिक्षक दोन-तीन वर्षांत बदलीने निघून जातात आणि वाडीवरची शाळा रिकामी राहते, हे दुःख खरं आहे. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(२) नुसार निवासाच्या आधारे नोकरीत भेद करता येत नाही, आणि अपवाद करायचा अधिकार १६(३) प्रमाणे फक्त संसदेला आहे. राजस्थानने जिल्ह्यातल्या रहिवाशांना जादा गुण दिले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कैलाशचंद शर्मा प्रकरणात अवैध ठरवले. पोलीस पाटील किंवा अंगणवाडी सेविका यांना गावचा रहिवास लागतो, तो त्या पदाच्या स्वरूपामुळे. झेडपीच्या शिक्षक भरतीत जिल्ह्याच्या नावावर जागा राखून देतो असं कोणी सांगत असेल, तर ते त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात असतं ते ११ महिन्यांचं मानधन आणि एजन्सीची खुर्ची.

मुलीने आज करायचं काम एवढंच: त्या कार्यालयाला साध्या कागदावर अर्ज द्यावा की डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या जागेसाठी मी इच्छुक आहे, शैक्षणिक पात्रता ही, निवडीची पद्धत आणि शुल्क असल्यास लेखी कळवावं. दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन परत यावं. टपाल घेणारा कारकून "हे एजन्सीकडे द्या" म्हणाला तर स्पीड पोस्टाने पाठवावं. भाच्याने निवडीच्या आदेशाची तारीख कॅलेंडरवर लिहून एक वर्ष मोजावं आणि माहितीचा अर्ज याच आठवड्यात टाकावा.